कुंपणापलीकडचा बाक

यंदा राकेश भीमजयंतीला घरी आला याचा आम्हाला एवढा आनंद झाला, की तो एप्रिलमध्ये घरी कसा, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

अमेरिकेत बेसबॉल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. ज्याचं पोट बेसबॉलवर आहे तो माणूस एप्रिलमध्ये इंग्लंडात रीडिंगला आईच्या हातचा पातोडी रस्सा खात बसलेला असेल, तर त्याचा अर्थ एकच होतो. तिकडचं शेंबडं पोरही तो सांगेल. पण आम्ही पडलो रामटेके. सहा वर्षं आम्ही भेटेल त्याला सांगत होतो, आमचा राकेश अमेरिकेत प्रोफेशनल खेळाडू आहे. आणि समोरच्याने पुढचा प्रश्न विचारला की त्याला चहा देत होतो.

जयंती इकडे चौदा तारखेला नसते. ज्या रविवारी कौन्सिलचा हॉल मिळेल त्या रविवारी असते. यंदा चार ते सहा मिळाला होता. म्हणून दुपारचं जेवण घरी लवकर उरकायचं आणि रात्रीचं डब्यांत भरून हॉलवर न्यायचं ठरलं. राकेशच्या आई गयाबाई सकाळपासून पांढऱ्या पातळावर एप्रन बांधून बेसन थापत होत्या. रचना, त्यांची थोरली, ब्रॅकनेलच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. ती आईला मदत करायची सोडून आईच्या गॅसची तपासणी करत होती. तिचा नवरा विनय डब्यांची झाकणं शोधत होता. तो पुण्याचा. आमच्या घरात तो कधीही मोकळा बसलेला दिसत नाही; काहीतरी शोधत असला की त्याला बरं वाटतं.

तेवढ्यात क्रॉयडनहून कमलाकर काका आले. राकेशच्या वडिलांचे, यादवरावांचे, धाकटे भाऊ आणि जयंती समितीचे सेक्रेटरी. माइक दिसला की त्यांना तहान लागते. त्यांनी बूट काढण्याआधी पत्रिका काढल्या.

"वाचा भाऊ. दुसरी ओळ वाचा."

यादवरावांनी चष्मा लावला. "अध्यक्ष, आयुष्मान यादवराव रामटेके. हं. आंतरराष्ट्रीय खेळाडू आयुष्मान राकेश रामटेके यांचा जाहीर सत्कार."

"शाल नागपूरहून मागवली आहे," काका म्हणाले. "बस ना बे राकेश, उभा काऊन आहेस?"

राकेश उभाच राहिला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दाराएवढा उंच पोरगा, उजवं कोपर डाव्या हातात धरून.

"काका, सत्कार नको."

"लाजून राहिला का?"

"लाजत नाही. मी प्लेअर नाही आता. त्यांनी रिलीज केलं मला. मार्चमध्ये."

"रिलीज म्हणजे?" गयाबाईंनी आतून विचारलं. "सुट्टी देली का?"

"सुट्टीच, आई. कायमची."

विनयच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

*

राकेशने सहा वर्षं नेमकं काय केलं हे आम्हाला कधीच नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे एकदा सांगून टाकलेलं बरं.

शाळेच्या क्रिकेटमधून त्याला हाकललं होतं. तो बॉल टाकत नाही, फेकतो, म्हणून. कोपर वाकतं. आम्ही मान खाली घालून घरी आलो. पुढे पार्कात रविवारी काही अमेरिकन लोक बेसबॉल खेळायचे, त्यांनी त्याला फेकताना पाहिलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. क्रिकेटने ज्या गुन्ह्यासाठी हाकललं, त्याच गुन्ह्याचा बेसबॉलने पगार दिला. बेसबॉलमध्ये बॉल फेकणारा तो पिचर. एक पिचर मॅच सुरू करतो. तो दमला, मार खाऊ लागला, की दुसऱ्याला बोलावतात. सुरुवात करणाऱ्याचं नाव होतं. त्याने केलेला पसारा आवरायला येतो त्याला रिलीफ पिचर म्हणतात. आवरला तर लोक घरी जातात. नाही आवरला तर मॅच यानेच घालवली. राकेश हा दुसरा माणूस होता. तोही मोठ्या संघात नाही, मक्याच्या शेतांमधल्या एका गावातल्या खालच्या पायरीवरच्या संघात. सहा वर्षं त्याच पायरीवर.

"आंतरराष्ट्रीय" हा शब्द तसा खोटा नव्हता. विमान लागायचंच.

*

सगळ्यांनी यादवरावांकडे पाहिलं. ते रडतील असं गयाबाईंना वाटलं. ते ओरडतील असं रचनाला वाटलं. पण ते ताठ बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं. आमच्या घरात हा चेहरा ओळखीचा आहे. तीस वर्षं ते ब्रिटिश रेल्वेत सिग्नलचे फिटर आणि युनियनचे शाखा सेक्रेटरी होते. त्यांनी आयुष्यात अनेक तक्रारी केल्या आणि एकही मागे घेतली नाही. साहेबाने कामगाराला काढलं की त्यांचा असाच चेहरा व्हायचा. केस सापडल्याचा.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "बदला घेतला त्यांनी."

"कशाचा बदला, बाबा?" रचनाने विचारलं.

"मी तक्रार केली होती. गेल्या ऑगस्टात, आम्ही याची मॅच पाहायला गेलो तेव्हा. तिथल्या ऑफिसात जाऊन केली, तोंडी, अन मंग काउंटरवरच्या पोरीकडून लिहूनही घेतली."

रचनाने गॅस बंद केला. "तुम्ही राकेशच्या एम्प्लॉयरकडे गेलात? त्याला न विचारता? ही काय शाळेतली पेरेंट्स इव्हनिंग आहे का, बाबा?"

"तू पाहिलं नाही, मी पाहिलं. सारी टीम आत बसली, छपराखाली. अन हा? दूर, मैदानाच्या कुंपणाच्या पल्याड. जाळीचं आवार होतं, त्यात. हा अन चार-पाच जण. बाक वेगळा. पाण्याचा पिंप वेगळा. सारी दुपार तिथं बसून राहिले. अन आतल्या लोकांनी बिघडवलं की मंग फोन करून बोलावतात, या, आवरा. आता तू मले सांग, मी काय समजू?"

खरं तर इथे हसायला पाहिजे होतं. कोणी हसलं नाही. यादवरावांच्या बापाचं घर ज्या जागी होतं, तिथून गाव असंच दिसायचं. ते घर आम्ही कोणी पाहिलेलं नाही, पण ते आमच्या डोळ्यांतून जात नाही. रीडिंगच्या डबल ग्लेझिंगमधूनही ते दिसतं.

"बाबा," राकेश म्हणाला, "सगळे रिलीव्हर तिथेच बसतात. बुलपेन म्हणतात त्याला. वॉर्मअपला जागा लागते म्हणून. माझ्या बाजूला टेक्ससचा गोरा बसायचा. त्याचे वडील चर्चमध्ये पास्टर आहेत."

"मंग त्याच्यावरही अन्याय आहे," यादवराव म्हणाले. "त्याने तक्रार केली नाही, हा त्याचा दोष."

विनयला राहवलं नाही. खेळाचा विषय निघाला की पुण्याच्या माणसाला राहवत नाही. "बाबा, मला वाटतं ते क्रिकेटमधल्या बाराव्या गड्यासारखं असावं. म्हणजे त्यात अपमान असा काही—"

"जावईबापू," काका म्हणाले, "बाहेर बसण्यातलं तुम्ही आम्हाला नका शिकवू."

विनयला राग आला आणि त्याच क्षणी आपलं लग्न आठवलं. इथेच, रीडिंगला झालेलं. त्या दिवशी त्याच्या आईने मांडवात घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. उपवास आहे म्हणाली होती. कुठला उपवास, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि रचनाने आजवर त्याला ऐकवलं नव्हतं. ऐकवलं असतं तर बरं, असं त्याला बरेचदा वाटायचं. तो पुन्हा झाकणं शोधू लागला. ती सगळी सापडली होती.

"आता ऐका," काकांनी पत्रिका उलटी करून पेन काढलं. "सत्कार जाऊ द्या. हे सत्कारापेक्षा मोठं आहे. आपला पोरगा. बापाने आवाज उठवला. सात महिने थांबून, गुपचूप, नोकरीवरून काढलं. हॉलमध्ये दीडशे लोक येतील. राकेश, तू काही बोलू नको. तू फक्त उभा राहा. मी बोलतो."

"काका, प्लीज," रचना म्हणाली.

"तू एचआरवाली ना? तूच सांग. तक्रार केली, अन मंग काढलं. याला तुमच्यात काय म्हणतात?"

रचना बोलायला गेली आणि अडखळली. बापाचा राग तिला आलेलाच होता, पण डोक्यात दुसरं यंत्र सुरू झालं होतं. "तसं बघितलं तर... तक्रारीनंतर काढलं असेल, आणि परफॉर्मन्सचं काही रेकॉर्ड नसेल, तर इट कुड बी व्हिक्टिमायझेशन. इकडे तरी. अमेरिकेतलं मला माहीत नाही."

"झालं," काका म्हणाले.

"माझ्या लेकराले काढलं ते काढलं," गयाबाई पदराने हात पुसत बाहेर आल्या, "वरून त्याचीच चूक म्हणत असतील मेले."

एका ताटभर पातोड्यांच्या भोवती आमचं सगळं घर एक झालं. जे दोन भाऊ गेल्या वर्षी बुद्धमूर्तीवर हार कोणी घालायचा यावरून तीन महिने बोलत नव्हते, ते एकाच कागदावर वाकून मुद्दे काढू लागले.

राकेश ते बघत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचं करिअर घरातल्या सगळ्यांना कळलं होतं. अन्याय आम्हाला लगेच कळतो. त्यात आमची पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी आहे. नुसतं हरणं आम्हाला कळत नाही. त्याला फक्त उभं राहायचं होतं. शाल मिळाली असती, दीडशे लोकांचे डोळे ओले झाले असते, आणि पुढे जन्मभर कोणी विचारलं नसतं की तू मोठ्या संघात का नाही गेलास. उत्तर तयार होतं, बापाने स्वतःच्या हाताने बांधून दिलेलं.

खरं काय ते त्याला माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यापासून बॉल हळू झाला होता. आधी कोपर सकाळी दुखायचं, मग रात्रीही. मार्चमध्ये एक एकोणीस वर्षांचा पोरगा आला, त्याच्या हातातून बॉल सुटला की नुसता आवाज यायचा. कोचने राकेशला बोलावलं, च्युइंगम थुंकून आधी सॉरी म्हणाला, मग मिठी मारली. तिथे त्याची जात कोणाला माहीतच नव्हती. सहा वर्षं लोक त्याला मेक्सिकन समजले आणि त्याच्याशी स्पॅनिश बोलले. शेवटी तो थोडी शिकला, उगाच कोणाचा हिरमोड नको म्हणून.

हो म्हणावं, असं त्याला वाटलं. मनापासून वाटलं. पण एक गोष्ट अडकत होती.

"बाबा, ऑफिसमध्ये तुम्ही कधी गेलात? मॅचच्या दुसऱ्या दिवशी?"

"नाही बे. त्याच दिवशी. मॅच चालू असताना."

"चालू असताना कधी?"

"शेवटी शेवटी. मी खूप वाट पाहिली. तुले बसवूनच ठेवलं होतं. मले वाटलं, हे काही आज खेळवत नाहीत. मंग राहवलं नाही, उठलो. ऑफिस सापडेना. खाली, जिन्याखाली होतं. ती पोरगी चांगली होती बिचारी, सारं लिहून घेतलं. टोपी देली मले."

दाराजवळ कोटांच्या खुंटीवर ती टोपी होती. निळी, संघाचं चिन्ह असलेली. राकेशने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ती टोपी त्यांनी दिली?"

"फुकट देली. तक्रारीचं ऐकून घाबरले असतील."

राकेश खाली बसला. तो इतका वेळ उभा होता की खुर्ची दचकल्यासारखी वाजली.

"म्हणजे तुम्ही ते पाहिलं नाही," तो म्हणाला.

*

त्या दिवशी काय झालं ते क्रिकेटच्या भाषेत सांगितल्याशिवाय आमच्यात कोणाला समजणार नाही. समजा शेवटची ओव्हर आहे, समोरच्याला दोनच रन हव्यात आणि त्याच्या सगळ्या विकेट शिल्लक आहेत. बेसबॉलमध्ये तिन्ही बेसवर माणसं, एकही आउट नाही आणि आपली आघाडी फक्त एका रनची, म्हणजे हेच. तेव्हा कुंपणापलीकडचा फोन वाजला. राकेश दार उघडून धावत आत आला. पहिला माणूस तीन बॉलवर गेला. दुसऱ्याने उंच मारला आणि कॅच झाला. तिसऱ्याने बॅट फिरवली ती हवेतच. एकही रन नाही. त्या गावातले सात-आठशे लोक बाकांवर उभे राहिले. राकेशच्या सहा वर्षांत ते एकदाच झालं. तेव्हाही कोपर दुखत होतं.

मॅचनंतर गेटवर यादवराव निळी टोपी घालून उभे होते. "चाल, जेवू," एवढंच म्हणाले. बाबा स्तुती करत नाहीत, पण टोपी विकत घेतात, असा राकेशने त्याचा अर्थ लावला. तेवढ्या अर्थावर त्याने पुढचे आठ महिने काढले. मार्चमध्ये बॅग भरताना त्याला एकच आधार होता: एकदा तरी बाबांनी पाहिलं.

"मी जिन्याखाली होतो," यादवराव हळू म्हणाले. "वरून लोकांचा आवाज आला. मी त्या पोरीले म्हटलं, खिडकी लाव, ऐकू येत नाही."

"आई, तू तर सीटवर होतीस ना?"

गयाबाईंनी एप्रनचं टोक धरलं. "होती ना. तू आत आला तसे सारे लोक ओरडायले लागले. मले वाटलं तुले शिव्या देऊन राहिले. माझ्याने पाहवलं नाही. मी डोळे मिटले अन बुद्धवंदना म्हणत बसली. डोळे उघडले तर तू मधोमध, अन सारे तुझ्या अंगावर चढलेले. मले वाटलं मारून राहिले तुले."

आमच्या घराण्यात आजवर कोणासाठी सात-आठशे परके लोक उभे राहिलेले नाहीत. एकदा राहिले. तेव्हा बाप जिन्याखाली तक्रार लिहून देत होता की माझ्या मुलाला खेळवत नाहीत, आई डोळे मिटून बसली होती, आणि आम्ही बाकीचे रीडिंगला झोपलो होतो.

विनय हसला. त्याने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मग रचना हसली. मग राकेशही, पण त्याचं हसणं मध्येच तुटलं आणि तो उठून खिडकीपाशी गेला. यादवराव हसले नाहीत. ते मुलाच्या पाठीकडे बघत होते.

"मंग काढलं काऊन?" त्यांनी विचारलं.

"हात मंद झाला, बाबा."

"हे कोण म्हणतं? ते?"

"मी म्हणतो."

"पुरावा?"

रचना म्हणाली, "बाबा, तो तुमचा मुलगा आहे, साक्षीदार नाही."

"दाखव," यादवराव म्हणाले.

*

आमची बाग बेसबॉलला पुरत नाही, म्हणून सगळे मागच्या गॅरेजच्या गल्लीत गेले. विनयच्या गाडीत विकेटकीपिंगचे हातमोजे होते. तो गुडघे वाकवून बसला, मागे शेजाऱ्यांचा हिरवा डस्टबिन. पांढरं पातळ, पांढरे शर्ट, काकांच्या खांद्यावर घडी केलेली शाल. पलीकडच्या खिडकीतून एक बाई बघत होती. आम्ही कुठल्या धर्माचा विधी करतोय असंच तिला वाटलं असणार.

राकेशने बॅगेतून बॉल काढला. हात दोन-चारदा फिरवला. मग गुडघा छातीपर्यंत उचलला आणि फेकला.

यादवरावांना बॉल दिसलाच नाही. आवाज ऐकू आला, विनय मागे डस्टबिनवर आदळला, मग बॉल दिसला, हातमोज्यात. दुसरा विनयने सोडला. तो डस्टबिनला लागला आणि डस्टबिनला खड्डा पडला. तिसऱ्यानंतर राकेशने कोपर धरलं आणि तो भिंतीला टेकला. चेहरा पांढरा झाला होता.

"हा मंद?" यादवरावांनी विचारलं.

"हो."

"अन तो जो नवा पोरगा आला?"

"खूप फास्ट आहे, बाबा. खूप."

यादवराव डस्टबिनपाशी गेले. खड्ड्यावर बोट फिरवलं. युनियनमध्ये त्यांनी शेकडो माणसांची बाजू लढवली होती. त्यातले काही आळशी होते, एक-दोन चोर होते, आणि त्यांच्यासाठीही ते लढले होते. जे वाक्य तेव्हा कधीच बोलावं लागलं नव्हतं, ते त्यांना आज बोलायचं होतं.

"मंग बरोबर केलं त्यांनी," ते म्हणाले.

राकेशने मान हलवली. त्याला वाटलं होतं हे ऐकून आपण कोसळू. उलट खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"भाऊ," काका म्हणाले, "हे तुम्ही स्टेजवर नका सांगू. मी पॉइंट काढले आहेत."

विनय हातमोजा काढून तळहात चोळत होता. तळवा लाल झाला होता. यादवराव बघायला जवळ आले, तेव्हा तो खाली बघत एकदम म्हणाला, "बाबा, लग्नात आईचा उपवास नव्हता."

"माहीत आहे," यादवराव म्हणाले. "बर्फ लाव त्याले."

*

हॉलवर जाताना गाडीत राकेश पुढे बसला होता, बाबांच्या बाजूला, मांडीवर पातोडीचा डबा.

"मले अजून एक समजलं नाही," यादवराव म्हणाले. "सारी दुपार बसायचं, अन दुसऱ्याने खराब केल्यावर जायचं. असं काम कोणी काऊन करतं?"

"तुम्ही करताच की."

"मी?"

"तुम्ही दरवर्षी अध्यक्ष असता. तुमचं भाषण शेवटी. बाकीचे सगळा टाइम खातात, लोक भुकेलेले असतात, केअरटेकर चावी वाजवतो, आणि मग तुम्हाला बोलावतात. समारोप करा म्हणून. तेच माझं काम होतं."

पुढच्या सिग्नलला यादवरावांनी गाडी थांबवली. सिग्नल हिरवा झाला तरी हलवली नाही, आणि मागच्याने हॉर्न वाजवला.

हॉलमध्ये दरवर्षीसारखंच झालं. वंदना झाली. पहिले वक्ते 'दोनच मिनिटं घेतो' म्हणाले आणि वीस घेतली. दुसऱ्यांनी पहिल्यांची चूक दुरुस्त करायला तेवढीच घेतली. मग काका उभे राहिले. माइक हातात आल्यावर काकांना घरातलं काही आठवत नाही. "बंधू-भगिनींनो, आज आपल्याच एका तरुणावर सातासमुद्रापार काय प्रसंग ओढवला," ते म्हणाले, आणि नाव न घेता मागच्या रांगेकडे हात केला. दीडशे माथी वळली. बायका च्‌ च्‌ करू लागल्या. राकेश अगदी शेवटच्या बाकावर, फायर एक्झिटच्या दाराशी बसला होता. सवयीने. त्याला उठून जावंसं वाटलं. पण उठला असता तर तोच पुरावा झाला असता.

दारात केअरटेकर उभा राहिला आणि त्याने चाव्या वाजवल्या.

"आता अध्यक्षीय समारोप," काका म्हणाले. "भाऊ, थोडक्यात."

यादवराव उठले. व्यासपीठ चढताना नेहमी खिशातून कागद काढतात, तो काढला नाही. माइक स्वतःच्या उंचीला आणला. समोर भुकेले लोक, रडवेल्या बायका, आणि भावाने मांडून ठेवलेला पसारा. त्यांनी हॉलच्या पार शेवटी, दाराशी पाहिलं.

"जय भीम. माझ्या मुलावर अन्याय झाला नाही. त्याचा हात मंद झाला, म्हणून त्याला काढलं."

काकांनी शाल डोळ्यांपर्यंत नेली.

"अन्याय होतो. या गावातही होतो, लग्नाच्या मांडवातही होतो. कुठं होतो ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून खोटा सांगायचा नाही. आपल्या आज्याने गावाची मेलेली ढोरं ओढली, मर्जी नसताना. माझ्या मुलाने सहा वर्षं दुसऱ्यांचा पसारा आवरला, स्वतःच्या मर्जीने, पगार घेऊन. एकदा तर असा आवरला की सारे लोक उभे राहिले. मी ते पाहिलं नाही. मी तक्रार करायला गेलो होतो. ती तक्रार मी आज मागे घेतो. जेवण गरम आहे. जय भीम."

आधी कोणीतरी मागे हसलं, मग सगळा हॉल हसला, आणि हसता हसता लोक उठले. अर्धे टाळ्या वाजवायला, अर्धे डब्यांकडे जायला. कोण कशासाठी, ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. केअरटेकरच्या चाव्या थांबल्या.

राकेशने भाषणातला एकही शब्द ऐकायचा सोडला नव्हता. पापणीसुद्धा लवली नव्हती. मग त्याने बाजूला पाहिलं. गयाबाई हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते.

"आई," तो म्हणाला, "संपलं."

त्यांनी एक डोळा किलकिला केला. "आवरलं का त्यांनी?"

"आवरलं."

"पाहिलं ना तू?"

"पाहिलं," राकेश म्हणाला. "सगळं."

"मंग सांगशील मले घरी," गयाबाई म्हणाल्या आणि पातोडीचा डबा उचलून उठल्या.